लाखमोलाचा गैरसमज

चिनी कोरीव डब्यांबद्दल आपल्याकडे जे काही लिहिलं-बोललं जातं, त्यात पहिल्याच वाक्यात चूक असते. "ही लाखेची चिनी डबी" असं ते वाक्य. दुकानदार तेच म्हणतो, इंटिरियरवाली ताई तेच म्हणते, फॉरवर्ड पाठवणारे काका तेच म्हणतात. आता तुम्ही म्हणाल, एका शब्दाचं काय एवढं? आठवडाभर बग शोधून कंटाळला नाहीस का बाबा, शनिवारीही तेच? पण हा बग साधा नाही. एका शब्दामुळे लोक चुकीच्या गोष्टीचा गर्व करतात, चुकीच्या माणसांना नावं ठेवतात आणि घरातली एखादी जुनी चांगली वस्तू नासवून टाकतात. तिन्ही गोष्टी मी स्वतः पाहिल्यात, म्हणून आज हा विषय.

आधी नावं ठेवण्याचं सांगतो. मध्यंतरी पुण्याहून गावी जाताना एक मित्र सोबत होता. त्याला पुढे अंबाजोगाईला जायचं होतं. माझं गाव मांजरसुंबा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: धुळे-सोलापूर महामार्ग आणि नगरहून (आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडी नगरच) जामखेड-पाटोद्यावरून केजकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तो फाटा. बीडच्या अलीकडचा घाट, चहाच्या टपऱ्या, एसटीची वाट बघणारी माणसं. चहा घेता घेता मित्राने मोबाईलवर त्याच्या नव्या फ्लॅटमधली एक डबी दाखवली. लालभडक, झाकणावर डोंगर, मंडप, दाढीवाला म्हातारा, देवदाराची झाडं. बावीस हजार. "मिंग शैली, अँटिक, लाखेची आहे."

समोर एका गाड्यावर लाकडी खेळणी होती. भोवरे, लाटणी, पांगुळगाडे, तांबडे-हिरवे-पिवळे, लाखेने चकचकीत केलेले. मित्राने तिकडे बघितलं आणि म्हणाला, "लाख तर आपल्याकडेही होती की. मग आपल्या लोकांना असलं काही का नाही जमलं? भोवऱ्याच्या पुढे गेलेच नाहीत. आळस, दुसरं काय!"

ज्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं पोराबाळांसकट ऊसतोडीला जातात, त्या जिल्ह्याच्या फाट्यावर उभं राहून 'आळस' म्हणायला भलतीच हिंमत लागते. असो. तो मुद्दा बाजूला ठेवू. मी इंजिनिअर माणूस, मटेरियलबद्दल बोलू.

लाख हा किड्याचा माल आहे. 'केरिया लॅका' नावाचा इवलासा किडा पळस, बोर, कोशिंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांना चिकटून रस शोषतो आणि अंगाभोवती राळेचं कवच करतो. ते खरवडायचं, धुवायचं, वितळवून गाळायचं. झाली लाख. तिचे दोन गुण लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यातून निघतं. एक, ती उष्णतेने मऊ होते. ७०-८० अंशाला नरम पडते, गार झाली की पुन्हा कडक, आणि हे पुन्हा पुन्हा करता येतं. दोन, ती स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरवाले जे फ्रेंच पॉलिश मारतात ते म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाखच. आणि लाख चांगली पेटते, हे लाक्षागृह बांधणाऱ्या पुरोचनाला पक्कं ठाऊक होतं.

चिनी डबीवर जे असतं ते किड्याचं नाही, झाडाचं आहे. चीन, जपान, कोरियात एक झाड असतं, त्याच्या सालीला चिरा पाडल्या की करडा-पांढरा चीक गळतो. चीक जमवायचा, गाळायचा, त्यात रंग कालवायचा आणि लाकडावर पातळ थर द्यायचा. हा थर वाळत नाही, तो 'पिकतो'. आपला ऑइलपेंट हवा लागली की सुकतो तसं इथे नाही. चिकातच लॅकेस नावाचं एन्झाइम असतं, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन चिकाच्या रेणूंना एकमेकांत घट्ट विणून टाकतं. आणि या एन्झाइमला काम करायला लागते दमट हवा, ७०-८० टक्के आर्द्रता! म्हणजे थर कडक व्हायला वस्तू ओलसर कपाटात ठेवायची. वाचायला उलटं वाटतं, पण तसंच आहे. एकदा विणलं गेलं की मग ते स्पिरिटला दाद देत नाही, आम्लाला देत नाही, उष्णतेने वितळत नाही. सुटं करून पुन्हा घडवणं नाही. थोडक्यात लाख म्हणजे मेणबत्तीचं मेण, आणि लॅकर म्हणजे अंड्याचा पांढरा बलक. एक कितीही वेळा वितळवा, दुसरा एकदा शिजला की शिजला.

आता मांजरसुंब्याचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. बालाघाटच्या डोंगरावरचं कोरडं वारं. आमच्याकडे त्या हवेत पापड, कुरडया, शेवया दिवसात खडखडीत होतात, चिनी चीक मात्र तसाच चिकट राहील. झाड इथलं नाही, हवा इथली नाही. म्हणजे 'आपल्या लोकांना का नाही जमलं' हा प्रश्न बीडमध्ये हापूस का पिकला नाही म्हणून बीडच्या शेतकऱ्याला आळशी म्हणण्यासारखा आहे.

गंमत म्हणजे त्या चिनी झाडाचे नातलग आपल्याकडे आहेत, फक्त ते लाखेच्या घरचे नाहीत. आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुळातलं ते झाड. बिब्बा (आमच्याकडे बिबा) ज्यांच्या अंगावर कधी उतलाय त्यांना सांगायला नको. चिनी कच्चा चीकही अंगावर असाच उततो, कारण दोन्हीकडचं रसायन एकाच जातकुळीचं. परीट कपड्यांवर ज्या बिब्ब्याने न पुसणाऱ्या खुणा करत, त्याचा काळा रस हा त्या लॅकरचा चुलतभाऊ. जपानमध्ये काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेलं रोगण खऱ्या लॅकरला स्वस्त पर्याय म्हणून वापरतात. तेव्हा चिनी डबी बघून घरच्या कुणाची आठवण काढायचीच असेल तर बिब्ब्याची काढा. लाखेचा इथे काही संबंध नाही. 'लाख' म्हणणाऱ्यांनी या विषयात अक्षरशः बिब्बा घातलाय.

त्या डब्यांचं मोठेपण मला नाकारायचं नाही. उलट, 'लाखेची' म्हणून मोकळं होणाऱ्यांनी ते कधी नीट बघितलेलंच नसतं ही माझी तक्रार आहे. थर किती? चांगल्या डबीवर शंभर-दोनशे. एकेक थर कागदाहून पातळ. प्रत्येक थर पिकायला दिवस-दोन दिवस द्यायचे, मगच पुढचा. शंभर थर आणि प्रत्येकी दोन दिवस धरले तरी नुसतं लेपन सात महिन्यांच्या घरात जातं, आणि तोवर कोरणाऱ्याने हत्याराला हातही लावलेला नसतो. एवढं करून मिळते काही मिलिमीटरची जाडी. त्यात चित्र कोरायचं. चुकलं तर Ctrl+Z नाही... माफ करा, कंट्रोल-झेड नाही. दोनशे थरांचं काम एका घसरलेल्या हाताने गेलं.

लाल रंग हिंगुळाचा, म्हणजे पाऱ्याचा. चिनी नावच 'थीहोंग', कोरीव लाल. अनेक डब्यांत तांबड्या थरांच्या खाली पिवळसर थर असतो. लाल कोरत खाली गेलं की पिवळी जमीन दिसते आणि फुलं उठून येतात. काही डब्यांत लाल थरांच्या मध्येच एखादा काळा थर घातलेला सापडतो. कोरणाऱ्याला तो दिसला की आता तळ जवळ आलाय, जपून, असा इशारा. (डेव्हलपर मंडळींना हा प्रकार ओळखीचा वाटेल.) दुसरा एक प्रकार तर मला सगळ्यात जास्त आवडतो, त्यात चित्रच नसतं. लाल-काळे थर आलटून-पालटून द्यायचे आणि मग तिरका काप घेत नागमोडी वळणं कोरायची. कापाच्या उतारावर लाल-काळ्या रेघा आपोआप उमटतात, डोंगर कापून रस्ता काढला की कातळाचे पट्टे दिसतात तशा.

चित्रातली शिस्त बघा. देखावा असलेल्या डबीत रिकामी जागा म्हणून काही सोडलेली नसते. आकाश, पाणी आणि जमीन यांच्यासाठी तीन वेगळी बारीक नक्षी ठरलेली. आडव्या लांबट रेघांची ती हवा, लाटांची ते पाणी, चौकटीतल्या फुलांची ती जमीन. म्हणजे म्हातारा पंडित मंडपात बसलाय, मागून नोकर वाद्य घेऊन येतोय, आणि त्याचा पाय कुठे संपतो नि तळं कुठे सुरू होतं हे नुसतं बोट फिरवूनही कळावं. फुलांच्या डब्यांत पिओनी, कमळ, शेवंती अशी दाट भरलेली की पानाला पान लागतं, पण एकही पान दुसऱ्यात घुसत नाही. राजघराण्याच्या डब्यांवर पाच नखांचे ड्रॅगन. हे सगळं मिंग काळातल्या योंगल (१४०३ ते १४२४) आणि श्वानद (१४२६ ते १४३५) या बादशहांच्या कारकिर्दीत इतकं वर गेलं की योंगलने जपानच्या शोगुनाला ज्या भेटी पाठवल्या त्यात या कोरीव लॅकरच्या वस्तू होत्या. त्याआधी युआन काळात चियाशिंगच्या चांग छंग आणि यांग माओ या दोन कारागिरांची नावं तरी टिकली. बाकी शेकडो हात निनावी.

आणि ज्यांना 'अँटिक' शब्दाने भुरळ पडते त्यांच्यासाठी एक किस्सा. योंगल काळातल्या डब्यांच्या तळावर बादशहाचं नाव सुईने ओरखडल्यासारखं बारीक लिहिलेलं असे. पुढे अनेक डब्यांवर ते खोडून त्याच जागी श्वानदचं नाव ठसठशीत कोरलं गेलं आणि त्यात सोनं भरलं गेलं. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वी, खुद्द मिंग काळातल्या डब्यांवरही शिक्का बदललेला! पुढच्या शतकांत तर जुन्या बादशहांची नावं नव्या डब्यांवर सर्रास पडली. आणि आपला दुकानदार तळाचा शिक्का दाखवून बावीस हजार मागतो. आजकाल जे 'सिनाबार बॉक्स' म्हणून विकलं जातं त्यातलं बरंचसं साच्यात ओतलेलं रेझिन असतं. कडेला साच्याची शिवण, खाचांचे कोपरे गोलसर, कोरल्याची धार कुठेच नाही, आणि तुटलेल्या कडेला थर दिसायच्या ऐवजी सलग लाल प्लॅस्टिक. ते घ्यायला माझी हरकत नाही, दिसतं छान. फक्त त्याला मिंग म्हणू नका, लाखही म्हणू नका.

आता दुसरी बाजू, गर्ववाले. यांचा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल: 'लॅकर' हा शब्द संस्कृत 'लाक्षा'वरून आला, म्हणजे चिन्यांना ही विद्या आपण दिली, शेअर करा. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे आणि म्हणूनच दुसरा अर्धा जास्त धोकादायक आहे. शब्द आपला आहेच. तो गेला कसा, तर बऱ्याच अंशी पोर्तुगिजांच्या तोंडातून. १६व्या शतकात त्यांना भारतातली लाख चांगली माहीत होती. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या वैद्याचं वनस्पती-औषधींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं, त्यात लाखेवर चर्चा आहे. १५८०च्या दशकात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोतेन या डच माणसाने तर आपले कातारी चरकावर लाकूड फिरवून त्याला लाखेची कांडी कशी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने ती कशी वितळून पसरते, याचं वर्णन करून ठेवलंय. अशा लोकांना पुढे चीन-जपानची चकचकीत भांडी दिसली आणि त्यांनी हाताशी होता तोच शब्द त्यांनाही चिकटवला. एवढंच झालं. विद्या कुणी कुणाला दिली नाही. चीनमध्ये हेमुडू इथल्या उत्खननात लाल लॅकर लावलेला लाकडी वाडगा सापडलाय, तो साडेसहा-सात हजार वर्षांपूर्वीचा मानतात. आपल्या फॉरवर्डवाल्यांनी निदान तारखा तरी जुळवाव्यात.

शब्दावरून मालकी ठरत असती तर बटाटा पोर्तुगालचा झाला असता, कारण मराठीत तो शब्द पोर्तुगिजांकडून आला. बटाटा आला दक्षिण अमेरिकेतून. किंवा हे बघा: चिनी लॅकरचे मोठाले घडीचे पडदे युरोपात 'कोरोमंडल' म्हणून ओळखले जातात. का? तर ते जहाजांतून आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांमार्गे जात. कोरोमंडल किनाऱ्यावर त्यातला एकही बनत नव्हता. उद्या कुणी 'कोरोमंडल पडदे ही प्राचीन तमिळ कला' असा फॉरवर्ड काढला तर मला नवल वाटणार नाही.

गर्ववाले आणि नावं ठेवणारे वरून एकमेकांचे विरोधक दिसतात, पण दोघांचा पाया एकच आहे: लाख आणि लॅकर एकच. एक म्हणतो आपणच शिकवलं, दुसरा म्हणतो आपल्याला जमलं नाही. लाख घेऊन तिच्यासमोर बसलेल्या माणसाने काय केलं, हे दोघांपैकी एकानेही बघितलेलं नसतं.

त्याने काय केलं ते सांगतो. लाख मऊ होते, हा तिचा दोष न मानता त्याने तोच गुण वापरला. सोनाराने पोकळ सोन्याच्या मण्यांत लाख भरली. बोरमाळेचा मणी चिमटीत दाबला तरी चेपत नाही तो त्यामुळे, आणि थोड्या सोन्यात गरिबाच्या घरी दागिना होतो तोही त्यामुळे. कातारी चरकावर रंगीत लाख चढवतात. चन्नपट्टणला ती पसरवायला आणि चमकवायला केवड्याचं पान लावतात. पंजाबात एकावर एक वेगळ्या रंगांचे लाखेचे थर देऊन वरचा थर टोकदार सळईने खरवडत खालचे रंग उघडे करायचे, अशी नक्षी होती. म्हणजे थर देऊन कोरण्याची कल्पना इथे कुणाला सुचलीच नाही, असंही नाही. लाखेच्या अंगाला झेपेल तेवढं त्यांनी केलं. जाड लाख ठिसूळ असते, तिच्यात खोल कोरायला गेलं तर टवके उडतात, हे त्यांना आपल्याहून चांगलं कळत होतं. आमच्या सावंतवाडीला (आमच्या म्हणजे महाराष्ट्राच्या) दशावतारी गंजिफा आहेत, दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकशेवीस गोल पत्ते. चिताऱ्याने हाताने रंगवायचे आणि वर लाखेचा हात. खेळून खेळून हाताचा घाम लागला तरी रंग जाऊ नये म्हणून.

आणि बारीक कामच हवं असेल तर माझ्याकडे हुकमाचा एक्का आहे. आपल्या पणजोबांच्या काळातली ग्रामोफोनची तबकडी. ती लाखेची असायची! लाख, दगडाची भुकटी, काजळी यांचं मिश्रण गरम करून साच्यात दाबायचं. १९०८ मध्ये कलकत्त्यात रेकॉर्डचा कारखाना निघाला, आणि पुढे व्हायनिल येईपर्यंत जगभरच्या तबकड्यांना मुख्यतः भारतातली लाख लागत होती. का लाखच? कारण गरम लाख साच्यातली केसाहून बारीक खाच जशीच्या तशी उचलते आणि गार होताच ती धरून ठेवते. बालगंधर्वांची तान, तिच्यातली हरकत, श्वाससुद्धा, लाखेत उमटलेला आहे. चिनी लॅकरला हे जन्मात जमणार नाही, कारण ते वितळतच नाही. मग आता चिन्यांना आळशी म्हणायचं का?

तबकडी हे यंत्राचं काम, हाताचं नव्हे, असं कुणी म्हणेल. मान्य. पण मुद्दा हाताचा नाहीच, मुद्दा असा की प्रत्येक पदार्थाला त्याचं त्याचं काम असतं. आणि हातच हवा असेल तर आमच्या पाटोदा तालुक्यात उगम पावणाऱ्या मांजरेच्या काठाने खाली खाली जा, लातूर ओलांडून बीदर लागेल. तिथल्या काळ्या बिदरी पानदानावरचं चांदीचं जडावकाम बघा आणि मग दख्खनच्या कारागिराला सबुरी नव्हती म्हणा. चिनी कारागिराच्या मागे बादशहाचा खजिना होता, सात महिने नुसते थर देत बसायला कुणीतरी जेवायला घालत होतं. शिवाय त्यांनी डॉक्युमेंटेशन केलं. १६व्या शतकात ह्वांग छंग नावाच्या कारागिराने लॅकरकामावर अख्खा ग्रंथ लिहिला, १६२५ मध्ये दुसऱ्या कारागिराने त्यावर टीका लिहिली. चीनमध्ये तो जवळपास विस्मरणात गेला, एक प्रत जपानमध्ये टिकली, आणि १९२७ मध्ये चीनमध्ये पुन्हा छापला गेला. आपल्या कातारी, चिताऱ्यांची विद्या बापाकडून पोराकडे तोंडी आली. तक्रार करायचीच तर ती त्यांच्याजवळ बसून लिहून न घेणाऱ्या आपल्यासारख्या शिकलेल्यांची करा.

तिसरी गोष्ट राहिली, वस्तू नासवण्याची. २०२० मध्ये सगळं घर सॅनिटायझरने पुसायचं वेड होतं. माझ्या आत्तेबहिणीने नेटवर कुठेतरी वाचलं की 'लॅकरवेअर' अल्कोहोलला दाद देत नाही. ते बरोबरच होतं, चिनी-जपानी लॅकरबद्दल. आज्जीचा कुंकवाचा करंडा होता, लाकडी, चरकावर उतरवलेला, तांबड्या-हिरव्या लाखेचे पट्टे असलेला. आत्याच्या घरी देवघरात असायचा. बहिणीने त्यावर सॅनिटायझर मारलं आणि खसाखसा पुसला. फडक्यावर लाल-हिरवं उतरलं, करंड्यावर पांढुरका, चिकट थर राहिला. साठ-सत्तर वर्षं कुंकवाच्या बोटांनी जे झालं नाही ते दोन मिनिटांत झालं. आत्या काही बोलली नाही, तिने करंडा उचलून कपाटात वर ठेवून दिला. तिला काय वाटलं असेल ते मी लिहायला नको. यात बहिणीचा काय दोष? ती तर लेबल वाचूनच वागली. लेबलच चुकीचं होतं.

उलटंही होतं. खरं जुनं लॅकर फिकं पडलंय म्हणून त्यावर कुणी फ्रेंच पॉलिश चढवतो, म्हणजे लॅकरवर लाख. वर्षांनी ती पिवळी पडते, तडकते, काढायला जावं तर खालच्या झिजलेल्या पृष्ठभागाला धोका. लॅकरचे खरे शत्रू ऊन आणि कोरडी हवा. अल्कोहोल पचवणारी डबी पश्चिमेच्या खिडकीत मे महिनाभर ठेवली तर आतलं लाकूड आकसून वरचं कोरीव काम फुटू शकतं. लाखेला जपायचं स्पिरिट आणि चुलीपासून, लॅकरला जपायचं उन्हापासून. दोघांची पथ्यं वेगळी, कारण दोघांचा जन्म वेगळा.

करंड्याचं पुढे असं झालं की मी तो नेकनूरच्या बाजाराकडे एका म्हाताऱ्या कातारीमामांकडे नेला. त्यांनी उलटसुलट फिरवून बघितला आणि म्हणाले, "लाख लय इमानी असती बघ बापू. ऊब दिली की पुन्हा ऐकती." चरकावर लावला, जुनी खराब झालेली लाख उतरवली, नवी कांडी टेकवली. वीस मिनिटं. पैसे किती तर दीडशे. मी पाचशे दिले तर त्यांनी सुटे परत द्यायला खिसा चाचपला. रंग आज्जीच्या वेळचे आले नाहीत, हिरवा जरा भडक झाला. पण करंडा परत देवघरात आहे. असं चरकावर लावून वीस मिनिटांत दुरुस्त करणं बावीस हजारांच्या चिनी डबीला शक्य नाही, अगदी खऱ्या मिंग डबीलाही नाही. मामांच्या दोन्ही मुलांनी हे काम सोडलंय, एक ट्रक चालवतो, एक चाकणला कंपनीत आहे. त्यांना मी नावं ठेवणार नाही. दीडशे रुपये देणारे आणि वर 'भोवऱ्याच्या पुढे गेलेच नाहीत' म्हणणारे गिऱ्हाईक असेल तर मीही सोडलं असतं.

एक आक्षेप येणार हे माहीत आहे. भाषा अशीच चालते, इंग्रजीतही दोन्हीला लॅकर म्हणतात, मराठीत लाख म्हटलं तर बिघडलं कुठे? इंग्रजीत लॅकर म्हणतात कारण त्यांच्याकडे दोन्ही नव्हत्या, दोन्ही बोटीतून आल्या, त्यांनी एका नावात बांधल्या. आपल्याकडे लाख आहे. ज्याच्या घरात वस्तू आहे त्याने तिचं नाव दुसऱ्याला देऊन मग घरची वस्तू दुसऱ्यासारखी नाही म्हणून हळहळावं, याला काय म्हणावं? आपण सॉफ्टवेअरला सॉफ्टवेअर म्हणतो, मग लॅकरला लॅकर म्हणायला जीभ का अडखळते? अगदी मराठीच हवं असेल तर 'रोगण' हा चांगला रुळलेला शब्द आहे.

दुसरा आक्षेप दुकानदारांचा आणि प्रदर्शनं भरवणाऱ्यांचा: चिठ्ठीवर एवढं सगळं लिहायला जागा कुठे असते? एवढं सगळं लिहूच नका. चिनी डबीखाली 'कोरीव रोगण' लिहा, करंड्याखाली 'लाख' लिहा. 'लाखेची चिनी डबी' लिहायला याहून जास्त जागा लागते.